आरमध्ये सिम्युलेशन शिकवताना: आधी फासे, मग कॉम्प्युटर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुंबईतल्या एका डिग्री कॉलेजात तुम्ही याच वर्षी लागलात. एफवायच्या चाळीस मुलांची आरवर, म्हणजे संख्याशास्त्रासाठी वापरतात त्या प्रोग्रामिंग भाषेवर, दहा प्रॅक्टिकलं घ्यायची आहेत. विषय सिम्युलेशनची ओळख, म्हणजे नशिबावर चालणाऱ्या घटनेची कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा नक्कल करणं. निम्म्या मुलांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही. पहिली चार प्रॅक्टिकलं कंस, स्वल्पविराम आणि व्हेक्टर (आकड्यांच्या याद्या) यांतच संपली. आता सिम्युलेशनला हात घातला तर मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात, उत्तरही येतं, पण गणितातला एक आकडा बदलून दिला की सगळे तुमच्याकडे बघत बसतात. म्हणून तुम्ही विचारताय की आधी आर नीट पक्कं करून घ्यावं, की आरचा नाद सोडून सरळ एक्सेलवर यावं.

माझं उत्तर: दोन्ही नको. मुलांना आर येत नाही ही तुमची खरी अडचण नाहीच. आपण ज्याची नक्कल करतोय त्याची एक फेरी म्हणजे नेमकं काय, हे त्यांना सांगता येत नाही, ही आहे. ते सांगता आलं तर कोड चार ओळींचा असतो आणि त्या चार ओळी विसरल्या तरी परत लिहिता येतात. ते सांगता येत नसेल तर आर पक्कं करा, एक्सेल करा, पायथॉन करा, मुलं उतरवूनच घेणार.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी कबूल करते. मुलांचा संभाव्यतेचा पेपर याच सेमिस्टरला चालू असेल तर माझी पद्धत सोपी जाते, पुढच्या सेमिस्टरला असेल तर उदाहरणं आणखी साधी घ्यावी लागतील. परीक्षेत कोड कागदावर लिहायचा असेल तर थोडी घोकंपट्टी अटळ आहे, तिथे आदर्शवाद चालत नाही. आणि लॅबमधली मशीनं किती चालू आहेत, यावर बरंच अवलंबून. मशीनं कमी असतील तर मात्र फार वाईट वाटून घेऊ नका. एका मशीनवर दोन मुलं बसली की एक टाइप करतो, दुसरा विचारतो, "हे का लिहिलंस?" मी पुरेशी मशीनं असतानाही पहिले दोन आठवडे जोड्याच लावते.

माझं पहिलं प्रॅक्टिकल कॉम्प्युटर बंद ठेवून होतं. माझ्याकडे क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला फाशांचा एक डबा आहे. प्रत्येक जोडीला एक फासा आणि एक कोरा कागद. प्रश्न एकच: फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा तरी सहा पडेल, यावर बरोबरीची पैज लावावी का? आधी प्रत्येकाने आपला अंदाज पेनने लिहायचा. पेन्सिल चालत नाही, कारण पेन्सिलीने लिहिलेला अंदाज उत्तर आल्यावर हळूच बदलतो. दरवर्षी बहुतेकांचा अंदाज एकच असतो: एका टाकात एक सहांश, चार टाकांत चार सहांश, म्हणजे सुमारे 67 टक्के. मी काही बोलत नाही. प्रत्येक जोडीने पंचवीस फेऱ्या खेळायच्या आणि नोंदी करायच्या. वीस जोड्यांच्या मिळून पाचशे फेऱ्या होतात. आवाज एवढा होतो की शेजारच्या लॅबमधून कोणीतरी डोकावून जातं.

खेळण्याआधी कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं मराठीत, पूर्ण वाक्यात लिहून घेते. एका फेरीत काय घडतं? फेरी संपल्यावर वहीत काय लिहायचं? सगळ्या फेऱ्या झाल्यावर त्या नोंदींचं काय करायचं? ऐकायला बाळबोध आहे, पण पहिल्या प्रश्नालाच निम्मा वर्ग अडखळतो. कुणी लिहितं, "फासा टाकायचा." म्हणजे एकदा? मग फेरी म्हणजे एक टाक की चार? दुसऱ्या प्रश्नाला कुणी लिहितं, "किती सहा पडले ते." पण आपल्याला सहा किती पडले हे नकोच आहे, पडला की नाही एवढंच हवंय. एका फेरीत दोन सहा पडले म्हणून ती फेरी दोनदा जिंकली असं होत नाही. हा घोळ कागदावर निस्तरला तर कोडमध्ये निस्तरावा लागत नाही.

खरं उत्तर तुम्हाला माहीतच आहे: एक वजा पाच सहांशचा चौथा घात, म्हणजे 671 भागिले 1296, साधारण 0.518. पाचशे फेऱ्यांत सरासरी 259 जिंकायला हव्यात. एका वर्षी 263 आल्या आणि सगळे खूश. दुसऱ्या एका वर्षी 241 आल्या, निम्म्याहून कमी, आणि वर्गाने एकमुखाने निकाल दिला की पैज तोट्याची आहे. मला ते 241 चं वर्ष जास्त आवडलं. कारण "पाचशे फेऱ्या पुरेशा आहेत का?" हा प्रश्न मी न विचारता एका मुलीनेच विचारला. पण काहीही आलं तरी 67 टक्क्यांच्या जवळपास म्हणजे 333 कधीच येत नाहीत. आपला अंदाज चुकला हे मुलांना स्वतःच्या हाताने टाकलेल्या फाशांनी सांगितलेलं असतं. तो कागद जर्नलमध्ये चिकटवायला लावते, त्याचा उपयोग पुढच्या आठवड्यात आहे.

पुढच्या आठवड्यात तेच गणित आरमध्ये. सॅम्पल नावाचं फंक्शन: एक ते सहा यांतून चार आकडे उचल. त्यांत सहा आहे का, हो किंवा नाही. ही झाली फेरी. तिला नाव द्यायचं, मुलं रोमन लिपीत "फेरी" असंच ठेवतात आणि मी ठेवू देते. मग लगेच दहा हजार वेळा चालवायचं नाही. आधी वरचा बाण (आधीची ओळ परत येते), एंटर, वरचा बाण, एंटर, असं दहा-बारा वेळा हातानेच चालवायचं. हो, नाही, नाही, हो, असं येताना दिसतं. त्यानंतरच रेप्लिकेट हे पुन्हा पुन्हा खेळणारं फंक्शन वापरून दहा हजार वेळा, आणि शेवटी सरासरी. हो म्हणजे एक आणि नाही म्हणजे शून्य, म्हणून सरासरी म्हणजेच जिंकण्याचं प्रमाण, हे इथे एकदा फळ्यावर करून दाखवा. मुलांना ते उघड वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतेय ती.

आर शिकवायला लागून मला दोनच वर्षं झाली होती. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने कोड चालवला, 0.67 आलं, आणि ती जवळजवळ ओरडलीच, "मॅडम, मी म्हटलं होतं ना, चार सहांश!" मी तिच्या मागे उभी राहून कोड वाचला. कंस बरोबर. सहा बरोबर. चार बरोबर. लाल अक्षरात एकही एरर नाही. दहा हजार फेऱ्या म्हणजे योगायोगही नाही. पाचेक मिनिटं मला काहीच दिसेना, आणि वर्ग माझ्याकडे बघतोय. शेवटी सुचलं म्हणून म्हटलं, उत्तर राहू दे, नुसत्या दहा फेऱ्यांचे आकडे पडद्यावर काढ. 3 6 1 5. 2 4 6 1. 5 1 3 2. असे दहा. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, हिच्या फाशाला आकडे रिपीटच होत नाहीत."

सॅम्पलला रिप्लेस ट्रू, म्हणजे उचललेला आकडा परत ठेव, असं सांगितलं नाही, तर तो चिठ्ठ्या उचलल्यासारखे आकडे उचलतो. उचललेली चिठ्ठी परत डब्यात जात नाही. सहा चिठ्ठ्यांतून चार उचलल्या तर सहाची चिठ्ठी त्यांत असण्याची शक्यता बरोबर चार सहांश. फासा सात वेळा टाकायचा असता तर आरने लगेच हात वर केले असते की सहातून सात कसे उचलू. पण चारला तो गप्प राहतो आणि दहा हजार फेऱ्यांचं, तीन दशांश स्थळांचं, दिसायला अगदी पक्कं उत्तर देतो. आणि ते उत्तर नेमकं तिच्या मूळ चुकीच्या अंदाजाशी जुळतं.

तेव्हापासून मी हे पुन्हा पुन्हा होताना पाहिलं आहे. अंदाज ज्या डोक्यातून आला, कोडही त्याच डोक्यातून येतो. म्हणून चूक दोन्हीकडे एकच असते आणि दोघं एकमेकांना साक्ष देतात. आपण मुलांना सांगतो की सिम्युलेशनने उत्तर पडताळून बघा, पण सिम्युलेशनलाच पडताळायचं कशाने, हे सांगायचं राहून जातं. माझ्या वर्गात त्याचे तीनच मार्ग आहेत. हाताने खेळलेल्या फेऱ्यांची नोंद, जी जर्नलला चिकटवलेली आहे. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं छोटं रूप: चारऐवजी एकच टाक ठेवला तर एक सहांश येतं का? आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे पहिल्या दहा फेऱ्या छापून डोळ्यांनी बघणं. खऱ्या फाशाच्या चार टाकांत सगळे आकडे वेगळे पडणं साधारण 28 टक्के वेळाच घडतं. सलग दहा फेऱ्यांत एकही आकडा रिपीट नाही, म्हणजे तो फासाच नव्हे.

आता रिप्लेसची ही चूक मी टाळायला शिकवत नाही, मुद्दाम करायला लावते. अर्ध्या वर्गाला रिप्लेससह कोड देते, अर्ध्याला त्याशिवाय, आणि दोन उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून विचारते, कोणाचा फासा खोटा?

अशीच आणखी एक चूक लवकर करून घ्या. रेप्लिकेटच्या जागी काही मुलं रेप लिहितात, नावं सारखीच दिसतात. मग उत्तर येतं एक तरी किंवा शून्य तरी. रेप फेरी एकदाच खेळतो आणि निकालाच्या दहा हजार झेरॉक्स काढतो, रेप्लिकेट दहा हजार वेळा खेळतो. झेरॉक्स म्हटलं की परत समजवावं लागत नाही. ही चूक त्या मानाने गरीब आहे, उत्तर बघूनच कळते.

लूप, म्हणजे त्याच ओळी परत परत चालवायची रचना, आधी शिकवावा की रेप्लिकेट, यावर आमच्या स्टाफरूममध्येही एकमत नाही. माझे एक सहकारी फॉर लूपशिवाय काही शिकवतच नाहीत, त्यांचं म्हणणं असं की मुलांना आतलं यंत्र दिसायला हवं. मुद्दा खोटा नाही. पण नवख्या मुलाला लूपमध्ये मोजणीचा आय, रिकामा डबा, डब्यातला आयवा कप्पा अशा तीन नव्या वस्तू एकदम सांभाळाव्या लागतात आणि फेरी त्यांत हरवते. मी लूप तेव्हा आणते जेव्हा त्यावाचून चालत नाही. सहाही आकडे निदान एकदा दिसेपर्यंत फासा टाकत राहायचं, सरासरी किती टाक लागतील? इथे फेरी किती लांब ते आधी माहीत नाही, म्हणून "जोपर्यंत सगळे दिसले नाहीत तोपर्यंत" असं लिहावंच लागतं. उत्तर 14.7 येतं. मुलांचा अंदाज बहुधा सहा ते दहाच्या मधला असतो.

फेऱ्या किती, हा प्रश्न. बहुतेक हँडआउटमध्ये हजार हा आकडा देवाने दिल्यासारखा असतो. तो कुठून आला हे विचारायला शिकवा. प्रमाण पी असेल तर एन फेऱ्यांच्या उत्तराची स्टँडर्ड एरर (उत्तर खऱ्यापासून साधारण किती हलतं ते माप) म्हणजे पी गुणिले एक वजा पी, भागिले एन, या सगळ्याचं वर्गमूळ. चार टाकांच्या पैजेत हजार फेऱ्यांना ती साधारण 0.016 निघते, दहा हजारांना 0.005. खरं उत्तर अर्ध्याच्या वर फक्त 0.018 आहे. म्हणजे हजार फेऱ्यांनी पैज फायद्याची की तोट्याची हे धड सांगता येत नाही. आठातल्या एका मुलाचं उत्तर अर्ध्याखाली येणार. दहा हजारांनी सांगता येतं. त्रुटी निम्मी करायची तर फेऱ्या चौपट लागतात, हे सूत्र म्हणून सांगितलं तर विसरतात, चाळीस उत्तरांच्या ठिपक्यांत दिसलं तर राहतं.

ते ठिपके कसे काढायचे, तर सीडमधून. सीड म्हणजे यादृच्छिक आकड्यांच्या रांगेत कुठून सुरुवात करायची ती खूण. सगळ्यांनी 123 हे सीड लावलं की चाळीस जर्नलांत एकच उत्तर येतं, तपासायला सोपं. माझ्या मते त्याने विषयाचा जीवच जातो. मी रोल नंबर हेच सीड लावायला सांगते. हजार फेऱ्यांची चाळीस उत्तरं चाळीस मुलं फळ्यावर येऊन एका रेषेवर ठिपक्याने मांडतात. 0.518 भोवती जमलेली गर्दी दिसते, चार-पाच ठिपके अर्ध्याच्या डावीकडे पडलेले दिसतात, आणि ज्यांचे ते ठिपके आहेत ती मुलं "मॅडम, माझं चुकलं का?" असं विचारतात. नाही चुकलं. त्याच मुलांना मग दहा हजार फेऱ्या करायला सांगा आणि ठिपके दुसऱ्या रंगाने मांडा. पाठ्यपुस्तकात सँपलिंग डिस्ट्रिब्यूशन (दर वेळी येणारी उत्तरं कशी पसरतात ते) नावाचं जे प्रकरण पुढच्या वर्षी येणार आहे, ते इथे रोल नंबरांसकट उभं असतं. आणि उतरवून घेणं आपोआप बंद होतं, कारण शेजाऱ्याचं उत्तर बहुधा आपलं नसतं.

सीडवरून एक प्रसंग. एका कॉलेजात मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून गेले होते. तिथल्या इंटर्नल परीक्षकांनी एका मुलाचे गुण कापले होते, कारण सीड 123 असूनही त्याचं उत्तर जर्नलमधल्या नमुना उत्तराशी जुळत नव्हतं. मुलगा रडकुंडीला आलेला, म्हणत होता, घरी हेच येतं. त्याचं बरोबरच होतं. एप्रिल 2019 मध्ये आलेल्या आर 3.6.0 पासून सॅम्पलची आकडे उचलायची पद्धत बदलली, कारण जुन्या पद्धतीत राउंडिंगमुळे मोठ्या संचांसाठी काही आकड्यांकडे थोडा कल राहत होता. लॅबमधलं आर त्याआधीचं, मुलाच्या लॅपटॉपवरचं नंतरचं. सीड तेच, चिठ्ठ्या वेगळ्या. नव्या आरमध्ये जुनी पद्धत मागून घेता येते, तसं करून दाखवल्यावर गुण परत मिळाले. तुमच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनांवर आरची आवृत्ती कोणती आहे, ते या आठवड्यातच बघून ठेवा. आणि गुण दशांशांना देऊ नका, तीन प्रश्नांच्या उत्तरांना द्या.

फाशांचं फार झालं असं मुलांना वाटायला लागलं की मी बस काढते. कॉलेजच्या बाहेर बेस्टचा स्टॉप आहे, तिथे दोघा-दोघांना तासभर उभं करून एका नंबरच्या बसच्या वेळा टिपून आणायला लावते. मग प्रश्न: सरासरी दर दहा मिनिटांनी बस येत असेल, तर स्टॉपवर आलेल्या माणसाला सरासरी किती थांबावं लागेल? सगळे म्हणतात पाच. आणि सगळे हेही म्हणतात की आम्हाला मात्र नेहमी जास्तच थांबावं लागतं, आमचं नशीबच तसं.

सिम्युलेशन लिहायला सांगितलं की बहुतेकांची फेरी अशी असते: टिपलेल्या अंतरांमधून एक अंतर सॅम्पलने उचल, त्याचं निम्मं कर. उत्तर पाच येतं. पुन्हा तीच गंमत, अंदाजही पाच आणि कोडही पाच. पण माणूस स्टॉपवर येतो तेव्हा तो बसमधलं अंतर निवडत नाही, घड्याळातली वेळ निवडतो. म्हणून फेरी अशी हवी: सगळ्या बसच्या वेळा एका लांब रेषेवर मांड, रेषेवर कुठेही एक बिंदू टाक, आणि त्यानंतरची पहिली बस किती दूर ते मोज. सोपं रूप घ्या. दोन बस पाठोपाठ येतात, असं समजा की अंतर आलटून पालटून 2 आणि 18 मिनिटं आहे. सरासरी दहाच. पण रेषेचा 90 टक्के भाग अठराच्या पट्ट्यांनी व्यापलेला, तिथे पडलेला माणूस सरासरी 9 मिनिटं थांबतो. उरलेले 10 टक्के एक मिनिट. एकूण सरासरी 8.2 मिनिटं. बस बरोबर दर दहा मिनिटांनी आल्या असत्या तर पाच झाली असती. अंतरं एक्स्पोनेन्शियल असतील, म्हणजे बस आधीची कधी आली याच्याशी संबंध न ठेवता केव्हाही येत असतील, तर पूर्ण दहा होते. हे उत्तर पडद्यावर येतं तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो फाशांच्या आवाजापेक्षा मोठा असतो, कारण इतके दिवस ज्याला नशीब म्हटलं त्याचं गणित निघालेलं असतं. मीही वर्षानुवर्षं त्याच रांगेत उभी राहिलेय, तेव्हा मलाही बरं वाटतं.

इथेच एक खड्डा आहे. एक्स्पोनेन्शियलचं आर-एक्स्प हे फंक्शन सरासरी अंतर घेत नाही, दर घेतं. दहा मिनिटांच्या सरासरीसाठी एक दशांश द्यायचा. मुलं दहा देतात आणि सरासरी एक दशांश मिनिट, म्हणजे सहा सेकंदांना एक बस सुटते. ही चूक पकडायला दहा फेऱ्या छापायचीही गरज नाही, मुंबईत राहिलेलं असणं पुरतं. म्हणूनच उदाहरणं मुलांच्या रोजच्या जगण्यातली घ्यावीत. गियरबॉक्सचं आयुष्य किंवा परदेशी पोस्ट ऑफिसातली रांग घेतली, तर उत्तर हास्यास्पद आहे हे कळायला त्यांच्याकडे काहीच नसतं.

थोडक्यात, इथपर्यंत: फेरी आधी कागदावर, अंदाज पेनने, दहा फेऱ्या डोळ्यांनी, मग हजारो. आता राहिलेले दोन-तीन मुद्दे.

एक्सेल. वाईट नाही. चार रकान्यांत रँडबिटवीन (दोन आकड्यांमधला कुठलाही आकडा देणारं सूत्र), पाचव्यात सहा आहे का, एफनाइन दाबला की आकडे बदलतात, पहिल्या नजरेला हे छानच दिसतं, आणि एका ओळीला एक फेरी हे डोळ्यांना कळतं. ज्या मुलांना कीबोर्डचीच भीती आहे त्यांच्यासाठी पंधरा मिनिटं मीही वापरते. पण दहा हजार फेऱ्या म्हणजे दहा हजार ओळी, आणि फेरीची लांबी आधी माहीत नसेल तर एक्सेल कंटाळा आणतो. त्यात विचार सेलच्या मागे लपतो. मुलगा काय समजला ते मला वाचता येत नाही. आर फुकट आहे, विंडोजवर आणि लिनक्सवर चालतं, जुन्या मशीनवरही चालतं. अभ्यासक्रमात ते आहेच, तर बदलण्यात शक्ती घालवू नका.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे. माझ्या अनुभवात त्यांची गाडी लॉजिकला अडत नाही, एररच्या इंग्रजी वाक्याला अडते. लाल अक्षरं दिसली की ती न वाचता खिडकीच बंद करतात. मी जर्नलच्या शेवटच्या पानावर एक यादी वाढवत न्यायला सांगते: एरर जशीच्या तशी, आणि शेजारी आपल्या शब्दांत तिचा अर्थ. "ऑब्जेक्ट नॉट फाउंड: या नावाचं काही मी ठेवलेलंच नाही, स्पेलिंग बघ." पाच-सहा एररमध्ये एफवायचं बहुतेक वर्ष निघून जातं. त्या यादीखाली मी एक ओळ मोठ्या अक्षरात लिहायला लावते की एरर न येता आलेली चूक या यादीत सापडणार नाही.

तोंडी परीक्षेत कोड लिहून दाखव असं मी म्हणत नाही. चालू कोड समोर ठेवते आणि विचारते, यातून रिप्लेस काढलं तर उत्तर वाढेल की कमी होईल, चालवायच्या आधी सांग. चार टाकांचे तीन केले तर? सहा आहे का याऐवजी सहा किती आहेत असं मोजलं तर सरासरीचा अर्थ काय होईल? ज्याने उतरवून घेतलंय तो पहिल्याच प्रश्नाला थांबतो, आणि ज्याला कोड पाठ नाही पण फेरी कळली आहे तो हाताची बोटं मोजत का होईना पोहोचतो.

तुमची चार प्रॅक्टिकलं वाया गेली असं समजू नका. व्हेक्टर लागणारच होते. उरलेल्या सहांत मी असं करेन. पाचव्याला मशीन बंद, फासे. सहाव्याला तेच आरमध्ये, खोटा फासा पकडण्यासकट. सातव्याला रोल नंबरचं सीड आणि फळ्यावरचे ठिपके. वेळ उरला तर तीन फाशांची बेरीज 9 येते की 10 हे द्या, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओपर्यंत गेलेला प्रश्न आहे तो: 216 पैकी 9 चे 25 प्रकार आणि 10 चे 27. फरक इतका बारीक की हजार फेऱ्यांत साधारण चौघांतल्या एकाला उलटं दिसतं. आठव्याला सगळे आकडे दिसेपर्यंतचा लूप. नववं बसचं, त्यासाठी वेळा टिपायला आठवडाभर आधी पाठवा, आणि पावसाळा असेल तर छत्री न्यायला सांगा.

दहावं मी पावसावरच घेते. मुलांना एखाद्या केंद्राच्या रोजच्या पावसाचे जुने आकडे देते आणि त्यांतून सॅम्पलने उचलून पुढचा पावसाळा बनवायला सांगते. रिप्लेससह बरं का. मग विचारते, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. तुमच्याकडचे आकडे 2004 पर्यंतचे असते आणि तुम्ही दहा लाख पावसाळे बनवले असते, तर त्यातल्या किती पावसाळ्यांत हा दिवस आला असता? काही मुलं खरंच कोड चालवायला घेतात. त्यांना चालवू द्या, एखादा मिनिट लागतो.